बसून करायचं काम

या, अशा जवळ येऊन बसा. आणि आधी थोडं रागावते, मनावर घेऊ नका. माझ्याकडे जो येतो तो खून आणि दरोडेच ऐकायला येतो. "बाई, एखादी भारी केस सांगा ना!" अहो, रक्त सांडलं तरच केस भारी होते का? पस्तीस वर्षं खाकी घातली मी. शिपाई म्हणून लागले, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. शाळा माझी दहावीपर्यंतची, बाकीचं सगळं ठाण्याच्या बाकावर शिकले. तर आज तुमच्या मनातली नाही, माझ्या मनातली केस सांगते. तिच्यात आरोपी निघालाच नाही, तरी पेरणी जवळ आली की ती मला हमखास आठवते. नाव मात्र कुणाचंही घेणार नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. जळकोटच्या बाजूला एका ठाण्यात माझी नेमणूक होती. मृग लागायला पाचेक दिवस असतील. सकाळची हजेरी संपली, ठाणे अंमलदारानं डायरी उघडली, तेवढ्यात एक म्हातारी तरातरा आत आली.

"साहेबीण बाई, आमच्या गावची आशा बायांची पोटं पाडून राहिली. लिहून घ्या."

आशा म्हणजे घरोघरी फिरून गरोदर बायांची नोंद ठेवणारी, लोहाच्या गोळ्या देणारी, त्यांना तपासणीला नेणारी बाई. मी म्हटलं, "मावशी, आधी बसा. पाणी प्या."

"पाणी नगं. माझी धाकटी सून चौथ्या महिन्यात हाय. तिचं काय झालं तर तुमच्याच दारात येऊन बसते का न्हाई बगा!"

मग तिनं जबाब दिला. गेल्या मृगाच्या पेरणीला तिच्या थोरल्या सुनेचं पोट गेलं. नंतर हरभऱ्याच्या पेरणीला शेजारच्या सुनेचं तसंच झालं. दोघी त्या आशाताईच्याच हातच्या गोळ्या खायच्या. "आन आता ती माझ्या धाकटीला परसात चोरून भेटून राहिली. कामून चोरून? सरळ दारातून ये की!"

मी व्यवस्थित सरकारी भाषेत लिहिलं : "अंदाजे मागील जून महिन्यात एक व ऑक्टोबर अखेरीस दुसरा गर्भपात झाला." म्हातारीनं अंगठा दिला. हे वाक्य लक्षात ठेवा, माझी चूक तिथंच झाली.

माझ्याबरोबर एक उदगीरकडचा हवालदार होता. बोलायला कमी, पण कान फार तिखट. जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "मॅडम, पहिल्या दोघींचं काय झालं ते निघंल न निघंल. पण धाकटीचं काय झालं तर गाव त्या आशाला जित्ती ठिवणार न्हाई."

ते मलाही दिसत होतं. गावात शिरलो तर त्या बाईला दारं बंद झालेली. कुणी तिच्याकडून गोळी घेईना, कुणी तिच्याबरोबर तपासणीला जाईना. ती भीमनगरातल्या शेवटच्या घरात राहायची, नवरा गेलेला, एक मुलगी शाळेत. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या घरी जायचं असतं. तसे आम्ही गेलो. दोन पंच घेतले.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. निर्दोष माणूस घाबरला की भडाभडा बोलतो. ही बाई मोजून बोलत होती. एवढ्यानंच माझा संशय दुप्पट झाला.

"गोळ्या कुठून आणता?"

"आरोग्य केंद्रातून. सही करून."

"म्हातारीच्या सुनेला चोरून का भेटता?"

"दारातून येऊ देत न्हाईत."

"मग भेटायचंच कशाला?"

तिनं पिशवी मागं सारली.

पिशवी पंचांसमोर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्या, वही, लेकरांचे दंड मोजायची फीत. आणि तळाशी गाठ मारलेली प्लास्टिकची पुडी. आत सोयाबीनचे दाणे, पण गुलाबी भुकटीनं माखलेले.

"हे काय?"

"बियाणं हाय."

"आरोग्याच्या पिशवीत बियाणं? कुणाच्या शेतातलं?"

तिनं वही जवळ ओढली, मी ती घेऊन चाळली. वहीच्या शेवटच्या पानावर एक फोन नंबर, नाव नाही. विचारलं तर म्हणाली, "वळखीच्या बाईचा हाय. लातूरची."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? बिननावाचा लातूरचा नंबर, पिशवीत भुकटी, गावात दोन पोटं गेलेली. चोरून सोनोग्राफी करणाऱ्यांच्या दोन खोल्यांवर मी स्वतः छापे घातलेले. तिथंही असेच बिननावाचे नंबर सापडले होते. मी पिशवी, गोळ्या, पुडी सगळं मुद्देमालात घेतलं, लाखेचं सील केलं. नांदेडच्या प्रयोगशाळेला पाठवायचं पत्रही तयार करायला सांगितलं.

निघताना ती उंबऱ्यात आली. "मॅडम, एक इनंती हाय. मला धरायचं तर धरा. पण पेरणीच्या आधी त्या म्हातारीच्या शेतावर एकदा जाऊन या."

मी मनात हसले. ज्याच्यावर संशय घ्यावा तो पोलिसांना दुसऱ्याच्या घराचा रस्ता दाखवतो, हे माझं रोजचं. तिचं ते वाक्य मी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दार लोटून घेतलं आणि त्या नंबरवर फोन लावला. असल्या कामात आम्ही खोटं गिऱ्हाईक बनवून पाठवतो, या वेळी मीच गिऱ्हाईक झाले. हवालदार शेजारी कान लावून उभा.

"हॅलो, मी जळकोटकडून बोलते. तीन महिने झालेत. मोकळं व्हायचंय."

पलीकडे बाईचाच आवाज, शांत. "ताई, तुमची स्वतःची इच्छा आहे, का कुणी सांगतंय?"

असं विचारणारा धंदेवाला मी पाहिला नव्हता. मी जरा गडबडले. म्हटलं, "भीती वाटते. गावात दोघींचं गेलं."

"कधी गेलं?"

"एकीचं जूनमध्ये, एकीचं ऑक्टोबरमध्ये."

ती एकामागून एक विचारायला लागली. शेतात जाता का? फवारणी चालू असताना रानात असता का? प्यायचं पाणी कुठलं? औषधाच्या रिकाम्या डब्यात घरात काही भरून ठेवता का? आणि शेवटी, "तुमच्या घरी बियाण्याला औषध कोण चोळतं?"

मला काय ठाऊक! मी हवालदाराकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "ते कीड लागू नये म्हणून पेरणीआधी घरच्या बायाच चोळतात की. बसून करायचं काम हाय ते." आणि एकदम त्याचा चेहरा बदलला. "मॅडम, म्हातारी तर पेरणी म्हणली होती. मृगाची आन हरभऱ्याची. जून-ऑक्टोबर तुमी लिवलंय."

मी म्हातारीचा जबाब पुढं ओढून पुन्हा वाचला. साक्षीदारानं खूण माझ्या हातात दिली होती आणि मीच ती महिन्यांची नावं घालून पुसून टाकली होती.

मी फोनवर खरं सांगून टाकलं, कोण बोलते ते. ती बाई हसली. "मॅडम, पोलीस आहात हे तुमच्या पहिल्या हॅलोलाच कळलं. गरोदर बाई असा दम देऊन हॅलो म्हणते होय?"

ती एका संस्थेत काम करत होती. शेतातली औषधं, कारखान्याची घाण, खराब पाणी यांनी बाईच्या पोटावर काय परिणाम होतो याची माहिती गोळा करायची, शंका असेल त्याला दवाखान्याची, पाणी तपासणीची वाट दाखवायची, हे त्यांचं काम. आमच्या आशाताईनं महिन्याभरापूर्वी तिला फोन केला होता. दोघींच्या पेरण्यांचा मेळ तिनं आपल्या वहीवरून लावला होता. "मी त्यांना म्हटलं, औषधाच्या पाकिटावरचं नाव पाठवा. पाकीट कुणी हाताला लागू देईना, म्हणून त्या गेल्या मृगाचं उरलेलं, चोळलेलं बियाणंच पाठवते म्हणाल्या."

मी जीप काढायला लावली. मृग लागायला चारच दिवस होते.

म्हातारीच्या शेतावर लिंबाखाली ताडपत्री अंथरलेली. तिच्यावर सोयाबीनचा ढीग, बाजूला फोडलेलं पाकीट, आणि ढिगाशी मांडी घालून बसलेली धाकटी सून. हात कोपरापर्यंत गुलाबी. त्याच हातानं तिनं तोंडावरची बट मागं सारली. शेजारी अर्धा प्यालेला चहाचा पेला.

"हात काढ! उठ तिथून!" मी जीपमधूनच ओरडले.

म्हातारी आडवी आली. "काय झालं? पोरीला कामून भेवडवता? पोटुशी हाय ती!"

"म्हणूनच म्हणते! हे काम हिला कुणी दिलं?"

"मीच दिलं. उन्हात न्हाई पाठवलं, खुरपायला न्हाई पाठवलं. वझं उचलू देत न्हाई मी तिला. सावलीत बसून करायचं काम दिलं. मी काय सासुरवास करून राहिले का?"

मी पाकीट उचललं. कोपऱ्यात विषाची खूण सांगणारा रंगीत त्रिकोण, खाली मुंगीएवढी अक्षरं. हवालदारानं डोळे बारीक करून वाचलं, "हातमोजे घाला. खाणंपिणं करू नका. लेकराबाळांपासून दूर ठेवा."

थोरली सून विहिरीकडून घागर घेऊन येत होती. मी तिला विचारलं, "गेल्या मृगाला तूच चोळलं होतंस का?"

तिनं सासूकडे पाहिलं, मग खाली. "हाव. मला पोटात होतं तवा आत्याबाईंनी मलाच बसवलं. हरभऱ्याला शेजारची वैनी आली होती हाताखाली. तिला बी दिवस गेलेले, म्हणून तिला बी हेच दिलं. पंधरा दिवस रंग जात न्हाई नखातला."

म्हातारी ताडपत्रीच्या काठावर खाली बसली. "मंग मॅडम, मीच का...?"

तुम्हाला सांगते, जन्मभर माणसांच्या तोंडून असलं वाक्य काढायचा पगार घेतला मी. त्या दिवशी मला ते पुरं ऐकायचं नव्हतं. "उठा मावशी," म्हटलं, "आधी पोरीचे हात साबणानं धुवा. तिचं लुगडं बदला. उदगीरला दाखवून येऊ."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटातलं ठीक होतं. पहिल्या दोघींबद्दल विचारलं तेव्हा त्या सरळ बोलल्या. "त्यांचं ह्याच्यामुळेच गेलं असं मी लिहून देणार नाही. पोट जायला दहा कारणं असतात. पण गरोदर बाईनं याला हात लावायचा नाही, हे हवं तितक्या वेळा लिहून देते." पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्या दाण्यांवर कीडनाशक आणि बुरशीनाशक होतं, दुसरं काही नाही. गोळ्या गोळ्याच निघाल्या. मी अर्ज निकाली काढला. पण त्याआधी म्हातारीचा जबाब परत घेतला, तिच्या शब्दांत. मृगाची पेरणी म्हणजे मृगाची पेरणी.

उदगीरहून परतलो त्याच संध्याकाळी तपासणीपुरते नमुने ठेवून मी आशाताईची पिशवी परत द्यायला गेले. विचारलं, "तेव्हाच का बोलला नाहीत?"

"काय बोलू? म्हातारीनं म्हणलं असतं, माझ्या घरावर उलटं बोट दावते. मला ह्याच गावात राहायचं हाय, मॅडम. लातूरच्या बाईचा कागद हातात येईस्तोवर दम धरला. धाकटीला तेवढं सांगून राहिले होते, औषधाला हात लावू नको म्हणून. पण सासूनं मायेनं दिलेलं काम ती पोर नाही कसं म्हणंल?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमच्यावर संशय घेतला."

"संशय घेणं तुमचं कामच हाय. पण मी म्हणलं होतं, पेरणीआधी शेतावर जा. तुमी लिवून घेतलं न्हाई."

मी तिथंच डायरी काढली आणि तिचं ते वाक्य लिहून घेतलं.

आम्ही बोलतच होतो तर दारात म्हातारी. त्या वस्तीत ती आयुष्यात कधी आली नसावी, चप्पल कुठं काढावी तेही तिला कळेना. माफी वगैरे काही मागितली नाही. म्हणाली, "पुढल्या सोमवारी धाकटीला पुन्हा दाखवायचं सांगितलंय. तू संगं चल."

आशाताईनं पिशवी खुंटीला अडकवली. "सकाळच्या गाडीनं?"

"हाव."

"मंग तिला उपाशी आणू नका."

एवढंच. दोघींमध्ये तेवढ्यात मिटलं.

नंतर मी लातूरला त्या संस्थेत गेले. दोन खोल्या, आणि भिंतीला लागून पत्रकांचे गठ्ठे. ती फोनवाली बाई म्हणाली, "आम्ही शेतकरी मेळाव्यात वाटतो. बाप्ये घेतात, घडी करून खिशात घालतात. आणि मॅडम, चूक आमचीही आहे. फवारणीवर दोन पानं लिहिली, चोळण्यावर एक ओळ. चोळतं कोण, हे आम्ही तरी कुठं विचारलं होतं?" म्हणजे माहिती होती, फोन होता, दवाखाना होता. फक्त लिंबाखाली बसलेल्या पोरीपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. पोचवू बघणारी एकच बाई होती, आणि तिची पिशवी मी सील केली होती.

संशय माझा चुकला असं मी म्हणत नाही. संशयाशिवाय पोलीस कसला? पण मी तो माणसावर धरला. घरात रोज, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, जीव लावून केलेल्या कामाकडे मी बघितलंच नाही. तेव्हापासून कुणी जबाब देताना "पेरणीला", "सुगीला", "सणाला" म्हणालं की मी ते तसंच लिहायला शिकवलं नव्या पोरींना.

हिवाळ्यात म्हातारीचा फोन आला. "मॅडम, नात झाली. काळी हाय तुमच्यासारखी. बगायला कवा येताव?" गेले मी. आता त्या घरी बियाणं फिरत्या पिंपात घालून घोळवतात, थोरला मुलगा हातमोजे घालून, आणि म्हातारी लांबून हुकूम सोडते.

त्या संस्थेनं दिलेला एक कागद मी घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. विषबाधा झाली तर फोन कुणाला, पाकीट दाखवायचं कुणाला, पाणी तपासतात कुठं, दिवस गेलेल्या बाईनं कशापासून लांब राहायचं. तुम्ही हे छापणार आहात, पण ते नंबर मी छापायला देत नाही. छापलेला कागद कुणाच्या खिशात जातो ते मी पाहिलंय. त्यापेक्षा, वाचणाऱ्यांनो, तुम्हीच उदगीरला माझ्या घरी या. चहा घ्या, आपल्या हातानं वहीत उतरवून न्या. घरात कुणी पोटुशी असेल तर तिलाच घेऊन या, तिच्याशी मला बोलायचंय. पण नंतर बघू म्हणू नका. लवकर या, पेरणीच्या आधी.