पायांवरचं न्हाणं

बाळाला न्हाऊ घालायचं तर आधी आपले पाय धड हवेत, हे कुणाला सांगून पटत नाही. लोक हातांचं कौतुक करतात. "मावशींच्या हाताला गुण हाय," म्हणतात. पण पाटावर बसून साडी गुडघ्यांवर घ्यायची, दोन्ही पाय सरळ पसरायचे, त्यांच्या मधल्या खळग्यात बाळ निजवायचं आणि न्हाणं उरकेपर्यंत पाय तसूभर हलू द्यायचे नाहीत. त्याआधी बाळंतिणीचं अंग रगडून अंगठे बधिर झालेले असतात, ते वेगळंच. दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं घर झालं की गाडीने केडगाव गाठायचं आणि तिथं पुन्हा पाय पसरायचे. घरोघरची बाळं न्हाऊ घालण्यात माझी उभी हयात अशी गेली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दावा साधला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता खाली बसायचं नाही."

"मंग पोरांना काय खुर्चीत बसून न्हाऊ घालू?" मी फटकन विचारलं. ते हसले. मला मात्र रडू आलं, कारण लेकीला नुकतेच दिवस गेले होते.

लेक शिरूरला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आणि नात झाली. सगळ्या जगाची पोरं माझ्या पायांवर न्हाली, आता माझी नात न्हाणार, एवढीच माझी हौस होती. जावयाने प्लास्टिकचा टब आणला. तो मी मोरीच्या बाहेरच ठेवला.

हट्टाने पाटावर बसले. डावा गुडघा सरळच होईना. हाताने दाबून धरला तर पाय लटलट कापायला लागला. लेक बाळाला घेऊन समोर उभी. मी हात पुढे केले आणि मागे घेतले. पाय हलला की बाळ घसरतं, हे मीच सगळ्यांना सांगत आले होते.

"आई, ऊठ. मी बसते."

"बाळंतीण हायेस तू. वल्यात बसू नगं."

"मंग टबात घालू का? पाय माझं, हात तुझं."

मी भिंत धरून उठले. ती पाय पसरून बसली, मी शेजारी स्टुलावर बसून वाकले. हातांना सगळं आठवत होतं. टाळूवर तेल, मग पाठ, मग खुबे. नातीने आधी टाहो फोडला, मग सैल पडली.

"आई, मुंग्या आल्या गं पायाला."

"हलवायचं न्हाई!" मी दरडावलं.

तेवढ्यात नात लेकीच्या पायांवर मुतली. "ई गं!" म्हणत लेक हसत सुटली. जन्मभर मी याच गोष्टीला वैतागले, घरोघरच्या पोरांना लटकं रागे भरले, साड्या पिळत गाडी पकडली. पाणी ओतायला तांब्या उचलला आणि तसाच हातात राहिला. नातीचं ते ऊन ऊन माझ्या नडग्यांवर यायला हवं होतं.