साबणाचं भांडं निजू द्यायचं असतं

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी माय थांब्यावर डाव्या डोळ्यावर पदर दाबून उभी होती. कटंगीहून तुमसरला जाणारी पहिली बस यायची होती. बाबांनी खांद्यावरची लोखंडी पेटी खाली ठेवली. मी म्हटलं, "रडू नको ना माय, दिवाळीले येतोच." ती "हौ" म्हणाली. बस आली. मी खिडकीशी बसले. एका हाताने पदर धरून ती दुसरा हात हलवत राहिली.

ज्यांनी गाव सोडलं आणि जे गावातच राहिले, त्या दोघांसाठीही हे लिहिते आहे.

माय साबण करायची. बचत गटातल्या बायकांना कटंगीत कुणी बाई शिकवून गेल्या होत्या, त्यातली आमची माय एकटीच ते पुढे करत राहिली. मोहाच्या बियांचं तेल आणि कॉस्टिक सोडा. त्यासाठी तिने एक स्टीलचा गंज वेगळा काढला होता. गंज म्हणजे आमच्याकडचं खोल पातेलं. त्यात दुसरं काही शिजायचं नाही. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं तर ती जवळही येऊ द्यायची नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकतं. बाबा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीवर कामाला होते. त्यांचा बाजूंनी बंद असलेला जुना चष्मा डोळ्यावर चढवला की ती आम्हाला ओळखू यायची नाही.

साबण साच्यात ओतला, की कॉस्टिक कालवलेला प्लास्टिकचा मग ती भरपूर पाण्याने लगेच धुवायची आणि ते पाणी विहिरीपासून लांब, खड्ड्यात ओतायची. गंज मात्र धुवायचा नाही. आतला कच्चा साबण जुन्या पेपरने पुसून काढायचा, गंज मागच्या अंगणात ठेवून त्यावर लाल फडकं टाकायचं. लाल फडकं असलं की कुणी हात लावायचा नाही. माझा हात एकदा तिकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "आजचं भांडं आज नाही घासाचं. आज ते चावते. निजू दे त्याले. उद्या सोताच साबण होऊन राह्यते." दुसऱ्या दिवशी त्यात गरम पाणी ओतलं की खरंच फेस यायचा. पुढे केमिस्ट्रीच्या वर्गात हे समीकरणासकट शिकले, तेव्हा मायचंच वाक्य आधी आठवलं.

गाव मध्य प्रदेशात, म्हणून माझी शाळा हिंदी माध्यमाची. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मास्तरांनी स्वतः बसून नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म भरून दिला होता, पण होस्टेलला जागा नव्हती. एका संध्याकाळी फोन आला की एक जागा रिकामी झाली आहे, उद्याच या. माय नुकतीच साबण ओतून उठली होती. गंजावर लाल फडकं पडलं होतं. बाबा पेटी भरायला लागले. त्यांनी चष्मा फडक्याने पुसला आणि पुस्तकांवर ठेवला. "तुह्या प्रयोगशाळेत लागन," म्हणाले. माय बघत होती. नको म्हणाली नाही.

आमच्याकडे माणूस परगावी निघताना घरात खरकटं, न घासलेलं भांडं ठेवत नाहीत. आणि तो निघाला की पोचल्याचं कळेपर्यंत झाडत नाहीत, घासत नाहीत. तुमच्याकडेही असेल असं काही. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. सकाळी मी केस विंचरत होते आणि मागच्या अंगणातून काथ्या घासल्याचा आवाज येत होता, एवढं आठवतं.

नागपूरला पोचले. तीन वर्षं प्रॅक्टिकलला बाबांचा चष्मा लावला. मुली हसायच्या, नंतर त्याच मागून न्यायच्या. कॉलेजच्या अंकात मी थांब्यावर रडणाऱ्या आईवर लेख लिहिला. बक्षीस मिळालं. अंक घरी पाठवला. बाबांनी तो मायला वाचून दाखवला, असं फोनवर कळलं. तिला कसा वाटला, विचारलं. "चांगला लिहिला म्हने," बाबा म्हणाले.

पहिल्या दिवाळीला चारच दिवस घरी होते. काही लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात गेले, तेव्हा माय तांदूळ निवडताना सूप उजवीकडे सरकवून मान वळवून बघत होती. शेजारच्या काकू ओसरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "माय, अशी काहून पाहून राह्यली?"

"वय झालं," माय म्हणाली.

"वय मने," काकू म्हणाल्या. "इले सांगतलं नाही वाटते तू? अवं पोरी, तू गेली त्या सकाळी गंज घासत होती हे. काथ्या लावला न् उडालं डोळ्यात. मी म्हटलं, थांब, बालटीभर पाणी टाक. मने, बस येऊन राह्यली. दोन वंजळा पाणी मारलं न् पळाली तुह्या मागं."

"चूप बस न वं," माय म्हणाली. "साऱ्या गावाले सांग आता."

काकू हसल्या. माय तांदूळ निवडत राहिली.

मी आत गेले, पेटीतून चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. "तुह्याच जवळ राहू दे. मी नवीन घेतला." भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकचा एक चष्मा टांगलेला होता. बाबा त्या वेळी विहिरीवर होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला तीनदा भात वाढला. डोळ्याचं आम्ही तिघंही कधी बोललो नाही. बालाघाटच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पांढुरका डाग जाणार नाही.

आता मी पुण्यात एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी सेफ्टी मीच शिकवते. डोळ्यात गेलं तर निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा, आणि मग डॉक्टरकडे. बस, मीटिंग, कुणाचा फोन, काहीही थांबलेलं असलं तरी. हे मी सपाट आवाजात सांगते. मुलं लिहून घेतात. एमपीची असून मराठी कशी बोलता, असं एखादा विचारतो.

सुट्टीच्या दिवशी फ्लॅटच्या बाल्कनीत मीही साबण करते. बाबांचा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. गंज पुसून, लाल फडकं टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवते. कामाच्या मावशी पहिल्यांदा म्हणाल्या, "ताई, घासून टाकते, पारोसं भांडं कशाला ठेवता?" मी नको म्हटलं. आता त्या फडकं दिसलं की पलीकडून जातात. तो लेख माझ्या फायलीत आहे. बक्षिसाचा कागदही त्यातच आहे. काढून टाकलेला नाही.

वर्षातून दोनदा गावी जाते. मी यायच्या आधी आठवडाभर माय साबण करत नाही. निघायच्या दिवशी अंगणात काही नसतं. थांब्यावर ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहते, म्हणजे उजव्या डोळ्याने मी तिला दिसते. हे समजायला मला दोन-तीन खेपा लागल्या. आता मीच आधी जागा सोडते.

पुण्याला पोचले की दारातूनच फोन लावते. तोवर तिकडे सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतची सगळी भांडी मोरीत साचलेली असतात.

"पोचली मी."

"हौ," ती म्हणते. "मंग घासतो आता."

फोन तसाच चालू राहतो. नळ सुटल्याचा आवाज येतो, मग भांड्यांचा. मी चपला न काढता ऐकत उभी राहते. पुण्यात माझ्या नावाचा फ्लॅट आहे. तरी कुणी घर कुठे विचारलं, तर मला ती मोरी आठवते, जिथे मी पोचल्याशिवाय भांडी घासली जात नाहीत.