वॉटर म्हणजे पाणी

नवऱ्याला लकवा मारला आणि वाचा गेली, तेव्हा मी रडले नाही. सगळे वाट पाहत होते. नणंद तर मला धरायला अगदी शेजारी येऊन बसली होती. मला काहीच झालं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, हातपाय थोडे सुधारतील, बोलण्याचं काही सांगता येत नाही. मी बरं म्हटलं आणि जेवणाचा डबा धुवायला गेले.

तशी वाचा पार गेली नव्हती. एक शब्द उरला होता. चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतं का? हो. बरं वाटतं का? हो. रिसोडच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेले मास्तर, आणि शिल्लक काय, तर हो.

त्यातच पुण्याहून मुलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. त्यानं विचारलं, "बाबा, घर विकून इकडे माझ्याकडे यायचं ना?" हे म्हणाले, "हो." झालं, ठरलं. दिवाळी झाली की न्यायला येतो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, ते साऱ्यालेच हो म्हणतात."

"आई, तू काहून फाटे फोडतेस? बाबा स्वतः म्हणाले ना?"

मी फोन ठेवून दिला. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात राहिली. यांना खरंच जायचं असेल तर मी मुकाट्यानं सामान बांधीन. नसेल तर घर विकू देणार नाही. त्यासाठी यांच्याकडून 'हो' सोडून दुसरा एखादा शब्द निघायला हवा होता.

तो निघाला, पण मी काढला नाही. यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बाजारात त्याचं सोयाबीनचं अडत दुकान आहे, लिलावात बोलून बोलून आवाज मोठा झालाय. तो यांचा हात धरून म्हणाला, "सर, लय धाक होता तुमचा. बस स्टँडवर दिसले तरी आमी गल्ली बदलत होतो. कुठंबी पकडून अर्थ इचारत होते." ते खरंच होतं. लग्नाच्या पंगतीतही पोरांना सोडत नसत. स्पेलिंग, अर्थ, मग वाक्य, आणि पोरगं अडलं की स्वतःच त्याच्यासोबत सुरात म्हणायचे. तो हसत हसत त्याच सुरात म्हणाला, "वॉटर म्हणजे?"

"पाणी," हे म्हणाले.

त्यानं पुन्हा विचारलं, "मार्केट म्हणजे?" "बाजार." "फार्मर म्हणजे?" "शेतकरी." स्वच्छ, खणखणीत. तो दुकानदार रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी मनात म्हटलं, आता आपल्याला इंग्रजी शिकावी लागणार.

मी माहेरी, धनजच्या शाळेत नववीपर्यंत गेले. इंग्रजीत नापास झाले आणि लग्न झालं ते इंग्रजीच्या मास्तरांशी. सासरी सगळ्यांना याची मोठी मौज वाटायची. एकदा मी म्हटलं होतं, मलेही थोडं शिकवा. तर म्हणाले, "तुले कायले पाह्यजे? कलेक्टर व्हाचं हाये का?" गावभरची पोरं शिकवून झाली, घरातलं माणूस राहून गेलं. आता या वयात त्याच माणसापुढे उभी राहून मी अर्थ विचारणार होते.

आपल्याला इंग्रजी येत नाही असं मी समजत होते. स्वयंपाकघरात पाहिलं तर सगळं इंग्रजीच. गॅस, कुकर, मिक्सर, लायटर, बॉटल. मी खूश झाले. जाऊन विचारलं, "कुकर म्हणजे?" हे माझ्याकडे पाहत राहिले, एखाद्या ढ पोरीकडे पाहावं तसे. बरोबरच होतं. कुकरचा अर्थ त्यांनी कोणाला शिकवला नव्हता. आपण दिवसभर जे शब्द बोलतो ते कामाचे नव्हते. रिसोडात कोणी बोलत नाही असे हवे होते.

मग मी मोबाईल जवळ धरून एकेक शब्द बोलायला लागले. मी तहान म्हटलं की त्यातली बाई थर्स्ट म्हणायची. मी पोळ्या लाटताना थर्स्ट, थर्स्ट म्हणायची. भूक म्हणजे हंगर, उशी म्हणजे पिलो, थंडी म्हणजे कोल्ड. वऱ्हाडीत बोललं की ती बाई गोंधळायची, म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलावं लागायचं. शेजारीण एकदा दारात ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मास्तर बरे हायेत, तुमालेच काही झालं का?" मी तिला हंगरचा अर्थ विचारला. ती गेली.

एक गोष्ट कळली. "थर्स्ट म्हणजे?" विचारलं की हे "तहान" म्हणत, आणि खरंच तहान असेल तर नजर तांब्याकडे जाई. नसेल तर जागची हलत नसे. पिलो म्हटल्यावर उशीकडे पाहिलं की मी उशी नीट करायची. हेडेक म्हटल्यावर डोळे मिटले की गोळी द्यायची. अशानं आमचा दिवस निघू लागला. लग्नानंतर आम्ही इतकं बोललो नव्हतो, हे त्यातलं खरं.

एका दुपारी सहज विचारलं, "वाइफ म्हणजे?"

"पत्नी."

नजर हलली नाही. हे मला जन्मभर 'अवं' म्हणत आले. पत्नी कधी म्हटलं नव्हतं. मी भाजी निवडायला बसले. वाईट वाटलं का? वाटलं असेल. मला तेव्हा कशाचंच नीट काही वाटत नव्हतं, आत बधिर झाल्यासारखं होतं.

दिवाळी जवळ आली तशी मी मूळ कामाला लागले. "गो म्हणजे?" "जाणे." "स्टे म्हणजे?" "राहणे." आवाज तोच, नजर भिंतीवर. वाटलं, शब्द चुकीचा असेल. मोबाईलला पुन्हा विचारलं, त्यातल्या बाईनं रिमेन सांगितलं. त्यालाही यांनी "राहणे" म्हटलं. हाऊस म्हणजे घर. सेल म्हणजे विकणे. विकणे म्हणताना जांभई दिली. मी सकाळी विचारायची, जेवताना विचारायची, पाय चोळताना विचारायची. हळूहळू कळलं की हे मला फक्त अर्थ सांगताहेत. मनातलं त्यात येत नव्हतं, आणि मला कितीही शब्द आले तरी ते येणार नव्हतं.

दिवाळी झाली आणि मुलगा आला. घरासाठी त्यानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. मी त्याला यांच्यापुढे बसवलं आणि म्हटलं, "पाह्य आता." मग यांना विचारलं, "पुण्याले जाचं ना?" "हो." "जाचं नाई ना?" "हो." मुलाचा चेहरा पडला. त्याचं बापावर प्रेम आहे, नाही असं नाही. बराच वेळ तो बापाचा हात हातात घेऊन बसला.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तुझं काय म्हणणं आहे?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. घरात आलेल्या माणसाला मी नेहमी सांगायची, यांना विचारून सांगते. आताही तोंडाशी तेच आलं होतं. इतके दिवस मी यांच्यासाठी विचारते आहे असंच मला वाटत होतं. पण तोंड उघडलं तर दुसरंच निघालं.

"मले पुण्याले नाई याचं. मले इथंच राहाचं हाये, माह्या घरात."

लकव्यानंतर पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. मुलगा रागावला नाही. उलट त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलीला समजवावं तसा.

"अगं पण आई," तो म्हणाला, "बाबा हो म्हणाले होते ना."

आणि सामान न्यायच्या गाडीवाल्याला फोन लावायला तो बाहेर गेला.