व्याह्यांचं कोरल आणि पाहुण्यांची बाथरूम

महादेवपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत. एक आम्हा मायलेकींची, दुसरी पाहुण्यांची. फक्त पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पाहुण्यांनी जायचं नसतं. तिथे कट्ट्यावर एक छोटी काचेची टाकी आहे. तिच्यात हीटर, लहानसा पंप, वर एक दिवा. हॉलमधल्या मोठ्या टाकीत जाऊ पाहणारं प्रत्येक नवं कोरल, म्हणजे समुद्रातलं जिवंत प्रवाळ, आधी इथे दीड-दोन महिने काढतं. याला क्वारंटाइन म्हणतात. माझी मुलगी याला तुरुंग म्हणते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी 'झालं' म्हणून दिलेल्या कामात काय बिघडलंय ते शोधायचा मला पगार मिळतो, आणि तेच काम मी घरी आल्यावर फुकट करते. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, नवे कपडे आधी धुवायला, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा. मुलीचं म्हणणं आहे की मी प्रसादाचाही आधी वास घेते. हे खोटं आहे. फक्त पेढ्याचा घेते.

नवरा गेल्यानंतर संध्याकाळचं घर मला सोसेना. कुणी म्हणालं कुत्रा पाळ, कुणी म्हणालं पुण्याला परत ये. मी समुद्राच्या पाण्याची टाकी आणली. पहिल्याच वर्षी दुकानातून आणलेला एक सुंदर तुकडा थेट तिच्यात सोडला. त्याच्या बुडाशी किडे होते. त्यांनी हळूहळू माझी निम्मी टाकी खाल्ली. तेव्हा मी जी रडले ती नुसती कोरलसाठी रडले नव्हते. त्यानंतर मात्र आमच्या घरात काहीही तपासल्याशिवाय आत गेलेलं नाही.

मग मुलीनं मुलगा आणला.

मुलगा चामराजपेटचा. घराणं मूळचं निपाणीकडचं, पण इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांच्या मराठीत कन्नड आता भाडेकरू राहिलेलं नाही, मालक झालंय. वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आईला अक्का. मी माहिती काढायला सुरुवात करणार तेवढ्यात मुलीनं हुकमाचं पान टाकलं.

"आई, अण्णांकडे पण रीफ टँक आहे. आपल्यासारखी, कोरलची."

लोक पत्रिका बघतात. मला एवढं पुरेसं होतं, निदान बैठकीला बोलवण्यापुरतं.

ते रविवारी आले. अक्कांनी चिरोट्यांचा डबा आणला, मोगऱ्याचे गजरे आणले, आणि अण्णांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून एक प्लास्टिकचा डबा आणला. त्यात पाणी होतं आणि पाण्यात दगडाच्या तुकड्यावर झोआंचा गुच्छ. झोआ म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी फुलं, पण फुलं नव्हेत, जिवंत प्राणी. हिरवी कड, मध्ये केशरी ठिपका.

"आमच्या टाकीतलं हे. तुमच्यात आमचं एक असू दे की," अण्णा म्हणाले आणि शर्टाची बाही वर सारायला लागले. ते स्वतःच्या हातानं माझ्या टाकीत ते ठेवणार होते. आत्ता, सगळ्यांसमोर.

व्याह्यांकडून आलेली वस्तू बाजूला ठेवायची नसते, हे मलाही कळतं. साडी आली की खांद्यावर टाकून बघायची, मिठाई आली की समोरच उघडायची. आणि इथे तर बोलणी करायच्या दिवशी मी म्हणायचं, थांबा, तुमच्या घरातून आलेल्या वस्तूला काही रोग आहे का ते दोन महिने बघते.

"आधी पाण्याचं तापमान जुळवते," असं म्हणून मी त्यांच्या हातातून डबा जवळपास हिसकावला आणि बाथरूम गाठली. मुलगी मागोमाग आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"आई, प्लीज. आजच्या दिवस टाक."

"किडे आजच्या दिवशी सुट्टीवर नसतात."

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला, "मला त्या घरात जायचंय. तू त्यांच्या प्रत्येक गोष्टीला साबण लावत बसलीस ना, तर ते काय समजतील? तू हे मोडशील."

मला ते लागलं. पण हॉलमधली टाकी उभी करायला मला किती वर्षं लागली होती हेही मला ठाऊक होतं. मग मी जे केलं त्याला मुलगी अजून फसवणूक म्हणते. मी त्याला तात्पुरता उपाय म्हणते. माझ्या मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात अगदी तसाच एक झोआंचा गुच्छ होता. अण्णा-अक्का बाल्कनीत उभे राहून समोरचं ऑफिस पार्क बघत होते तेवढ्यात मी तो उचलून पुढे काचेजवळ मांडला. अण्णांचा तुकडा किडे मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढला आणि तुरुंगात टाकला.

"आमचंच म्हणून किती शोभतंय बघ की," अण्णा अक्कांना म्हणाले. मुलगी चहाचे कप मोजल्यासारखं करत खाली बघत राहिली.

पहिल्या औषधाच्या पाण्यात काहीच पडलं नव्हतं. पण औषधानं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून तर इतके दिवस थांबायचं. बाथरूममध्ये अण्णांचे झोआ छान फुलले, आणि मला स्वतःचाच थोडा राग यायला लागला. मग त्यातले काही मिटले. दुसऱ्या दिवशी अजून काही. मी हातमोजे घालून तुकडा उलटा केला, भिंग लावलं. बुडाशी पांढऱ्या धाग्याचं बारीक वेटोळं होतं, अंड्यांचं. आणि त्याच्या शेजारी एक झोआ चालत होता. म्हणजे झोआ नव्हता. झोआ खाणारी गोगलगाय होती, जे खाते त्याचाच रंग अंगावर आलेली.

"बघ!" मी ओरडले. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. तो आनंद मुलीनं दोन वाक्यांत घालवला.

"म्हणजे त्यांच्या टाकीत पण आहेत. आणि तू त्यांना सांगू शकत नाहीस."

बरोबर होतं तिचं. सांगायचं तर आधी कबूल करायला हवं की तुमचं कोरल मी बाथरूममध्ये डांबलं आणि दुसरंच दाखवलं. वर म्हणायचं की तुमच्या घरात किडे आहेत. साखरपुड्याचा हॉल ठरत होता. मुलगी म्हणाली, तेवढं होऊ दे. पण चूक दिसली आणि मी कळवली नाही, असं माझ्या नोकरीत एकदाही झालेलं नाही. जेवताना मला अण्णांची टाकी दिसायची, आणि जेवण जायचं नाही.

हॉलचं बोलायला अण्णा-अक्का पुन्हा आले. अण्णा नेहमीप्रमाणे टाकीसमोर जाऊन बसले. काचेला नाक लावून त्यांनी पुढचा गुच्छ दोन्ही बाजूंनी बघितला.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "हे आमचं न्हवे."

मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली होती. ती तिथेच थांबली.

"आमच्याची कड गडद. ही स्वल्प फिकट आहे." मग ते माझ्याकडे वळले, आणि रागाचा मागमूस नव्हता. "मेलं होय ते? मेलं असेल तर सांगा की. वाईट वाटेल म्हणून दुसरं आणून लावलं का तुम्ही?"

त्या माणसाला वाटलं होतं की मी त्यांचं मन राखायला हे केलं. मला इतकं कानकोंडं कधी झालं नव्हतं. मी उठले.

"या अण्णा. तुम्हाला पाहुण्यांची बाथरूम दाखवते."

आम्ही चौघं त्या एवढ्याशा जागेत उभे राहिलो. अक्का कमोडच्या झाकणावर बसल्या. मी काय केलं ते सगळं सांगितलं, अगदी रांगेनं, ऑफिसात सांगते तसं. मग भिंग अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकून बघितलं.

"अय्यो."

"आपल्या घरातनं आलं हे?" अक्का म्हणाल्या.

"आम्ही चांगलं म्हणून दिलं की हो," अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी करताना सापडल्यासारखी लाज होती. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला त्याचा जरासुद्धा आनंद नव्हता. कशी समजूत काढायची हे मला येत नाही. जे येतं ते मी बोलले.

"तुमच्या टाकीत अजून वाचण्यासारखं खूप असेल. औषध माझ्याकडे आहे. रविवारी मी येते."

रविवारी मी आणि मुलगी बादल्या, हातमोजे, जुने टूथब्रश आणि औषधाच्या बाटल्या घेऊन चामराजपेटला गेलो. ऑटोवाल्याला वाटलं आम्ही घर पुसायला चाललोय. अण्णांची टाकी पहिल्या मजल्यावर, देवघराच्या समोर. एकेक दगड बाहेर काढायचा, औषधात हलवायचा, ब्रशनं अंडी घासायची, स्वच्छ पाण्यात ठेवायचा. कसं घासायचं यावर आमचं भांडण झालं. त्यांच्या घरात मी हुकूम सोडत होते आणि ते माझ्या औषधात नाक खुपसत होते. बादलीच्या तळाशी किडे पडायला लागले तसा अण्णांनी वाद सोडला आणि मी सांगेन तसा ब्रश धरला. मग स्वतःच म्हणाले, "ताई, तुमचं तुरुंगाचं खातं बरं आहे. आमच्याकडे बी एक काढू." काही गुच्छ गेले. बरेच राहिले.

खरं म्हणजे मी त्या घरी आणखी एका कामासाठी गेले होते. लग्नाला अवकाश होता. तोवर हे घर नीट बघून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. अक्का चिडतात का, अण्णा किती वेळ बोलतात, मुलगा आईला पाणी आणून देतो की मागतो. मला कुणी विचारलं असतं तर मी दीड-दोन महिन्यांचं कामही आखून दिलं असतं.

हात धुवायला स्वयंपाकघराकडे गेले तर दारातच थांबले. माझी मुलगी ओट्यावर पाय हलवत बसली होती. अक्का पुऱ्या तळत होत्या. मुलीनं अक्कांच्याच ताटातली अर्धी पुरी उचलली, भाजीत बुडवली, तोंडात टाकली आणि म्हणाली, "अक्का, आज खारट झालंय हं."

"झालं तर खाऊ नको की," अक्का म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी वाढली.

तिनं ती भाजी आधी बघितली नव्हती. वास घेतला नव्हता. माझ्या हातचं खातानाही ही मुलगी चमच्यानं ढवळून बघते, ते तिनं माझ्याकडूनच घेतलंय. इथे ती तोंड भरून खात होती आणि तोंड भरून भांडत होती. मला हेवा वाटला. भयंकर हेवा वाटला, आणि त्याच्या खाली कुठेतरी हायसंही वाटलं. मी हात न धुता परत फिरले.

निघायच्या वेळी मी मुलीला हाक मारली नाही. बादल्या घेऊन खाली आले, ऑटो थांबवली, बादल्या शेजारच्या सीटवर ठेवल्या. ऑटो सुरू झाली तसे अण्णा ओल्या हातांनी जिना उतरत धावत आले.

"ताई, ओ ताई! मुलगी वरच राहिली की!"

"राहू दे अण्णा," मी म्हटलं. "तिचं बघून झालंय."