प्राजूला इस्टेट मिळाली!

चहाचा कप आधी खाली ठेवा. ही फजिती ऐकताना याआधी दोघींना ठसका लागलाय, तिसरीचं पाप मला नको.

सुरुवात माझ्या इंग्रजीपासून करते. शाळेत मी गेले दुसरीपर्यंत. माहेर पेणच्या खाली, खाडीकाठी. मिठागरावर मीठ ओढायला हात लागायचे, पोरीच्या हातात पाटी कोण देतो? लग्न होऊन अष्टमी गावात आले, पुलापलीकडे रोहा, आणि मग काय, सुटलेच! औषधांच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, दुकानांच्या पाट्या, मुलाची पुस्तकं, जे दिसेल ते वाचलं. मास्तरीण मीच, विद्यार्थिनी मीच, छडीसुद्धा माझीच! बँकेतल्या साहेबाला इंग्रजीत गप्प केलंय मी. विचारा कुणालाही.

तर माझी नात प्राजू. इंजिनीयर झाली, पुढचं शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथल्याच युनिव्हर्सिटीत स्टाफमध्ये लागली. कंत्राटावर. 'स्टाफ' एवढंच आम्ही ऐकलं. नेमकं करते काय, हे कुणी विचारलंच नाही. मी तर अख्ख्या अष्टमीला "शिकवते" म्हणून सांगून मोकळी झाले होते!

कंत्राट संपत आलं तसा माझा मुलगा विलास, म्हणजे प्राजूचा बाप, माझ्यामागे लागला.

"आये, बास झाला आता. कंत्राटी नोकरी म्हंजे काय नोकरी हाय? तिला सांग, परत ये. पेणचं स्थळ चांगलं हाय. सोताचा गणपतींचा कारखाना."

"कारखाना मुलाचा हाय. प्राजूचा काय?"

"म्हंजे?"

"म्हंजे एवढं शिकून ती सोंडा रंगवणार?"

तो फणकारून कंपनीत शिफ्टला निघून गेला. त्याच दुपारी प्राजूचा फोन आला. रेंज अशी, की तीन शब्द आले तर चौथा खाडीत.

"आजी, मला कायमची जागा मिळतेय! इस्टेटमध्ये! वीसेक इमारती माझ्याकडे येणार! बाबांना तू समजाव, नाहीतर ते मला इथे राहू देणार नाहीत. सोमवारी मला उत्तर..."

फोन तुटला.

आता तुम्हीच सांगा. जागा. कायमची. इस्टेट. इमारती. यात न समजण्यासारखं काय आहे? आमच्याकडे गुंठाभर जागेपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारची वाट विसरतात, आणि तिकडे परक्या पोरीला वीस इमारती! मी मनाशी म्हटलं, इंग्रजांनी आपल्याकडून नेलं ते थोडं थोडं परत करायला घेतलेलं दिसतंय. आणि सुरुवात आमच्या घरापासून केलीय!

संध्याकाळी विलास घरी आला.

"इस्टेट? कोन फुकट देतोय इस्टेट?"

"फुकट नाय, गुणांवर!"

"आये, तू नीट ऐकलंस ना?"

"मला इंग्रजी शिकवतोस?"

संपलं. इस्टेट म्हटल्यावर त्याचाही आवाज मऊ झाला. "मग ऱ्हाऊदे तिला तिकडं," म्हणाला. पोरीचं काम फत्ते! मी इथेच थांबायला हवं होतं. पण थांबेन तर मी कसली!

शेजारच्या कुंदाला सांगितलं. कुंदाला सांगणं म्हणजे देवळात भोंगा लावणं. अष्टमीत वीस इमारती होत्या, त्या पूल ओलांडून रोह्यात पोचेपर्यंत चाळीस झाल्या. खांब गावाहून नणंदेचा फोन आला तेव्हा त्यात एक राजवाडाही होता. राजवाड्याचं मी बोलले नव्हते हो. पण नाहीही म्हटलं नाही!

मग पेणहून मुलाच्या आईचा फोन.

"आमचा मुलगा तिकडं जायला तयार हाय. गनपती काय, तिकडंपन लागतातच!"

रविवारी पोपटी लावायची ठरवली. थंडीचे दिवस, शेंगा भरलेल्या. अंगणात मडकं, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. भाऊबंद जमले, कुंदा आली, पेणच्या बाई तर जरीचं लुगडं नेसून आल्या. सून सुनंदानं फोन टीव्हीला जोडला, दारातून सगळ्यांना दिसेल असा.

पडद्यावर प्राजू आली. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, गालाला काळं.

"आगो बाय," कुंदा म्हणाली, "ही तर कंपनीत हाय!"

"तू गप," मी म्हटलं. "प्राजू, तुझी इस्टेट दाखव बघू सगळ्यांना!"

"ही बघ ना!" तिनं फोन वर केला. भलंमोठं छत. त्यातून पाणी गळतंय. खाली ओळीनं बादल्या. टप. टप. टप.

"लायब्ररी आहे. सकाळपासून गळतेय."

"मग भाडेकरूंना सांग की!"

"कुठले भाडेकरू?"

"तुझ्या इमारतींमधले!"

पोरगी आधी गोंधळली आणि मग हसत सुटली. "आजी, इमारती माझ्या नाहीत गं! इस्टेट म्हणजे इथलं डिपार्टमेंट. छपरं, नळ, गटारं, दारं, सगळ्यांची देखभाल. मेंटेनन्स!"

अंगणात पोपटीचा जाळ तेवढा बोलत होता.

पेणच्या बाई उठल्या. "काळोख व्हायच्या आत निघते मी," म्हणाल्या. स्थळ गेलं. जाताना शेंगा मात्र डबाभर घेऊन गेलं.

विलास लालबुंद. "नळ दुरुस्त करायला इंग्लंड लागतं काय गो? ते काय नाय, सामान बांध नि ये परत!"

उद्या सोमवार. पोरीनं भरवशानं मला वकील केलं, आणि मी फाशीची शिक्षा मिळवून आले!

पण प्राजू माझीच नात. "बाबा," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही कंपनीत कशात आहात?"

विलास कशात आहे ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मेंटेनन्स!

"प्लांट बंद पडला की तुमचे साहेब कुणाला हाका मारतात?"

"...मला."

"इथे मला मारतात. पहिल्या वर्षी माझं नावही कुणाला धड घेता येत नव्हतं. आज एक म्हातारे प्रोफेसर जिन्यातून ओरडत आले, प्राजक्ता कुठंय म्हणून. अख्खं नाव घेतलं, बाबा! मला हे काम आवडतं. यातच पुढे जायचंय मला."

विलासनं घसा खाकरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसला.

"पानी भिंतीकडनं येतंय का मधनं?"

"मधनं."

"मग पन्हाळी बघ आधी. पाला अडकला असेल."

"बघितल्या. साफ आहेत. सांध्यावरचा शिशाचा पत्रा फाटलाय."

"शिसं? छपराला? दाखव, दाखव!"

झालं! बापलेक छपरावर चढले ते उतरेचनात. पोपटी निवली तरी चालूच. शेवटी विलास म्हणाला, "उद्या हो म्हनून टाक. आनि आधी त्या हेल्मेटचा पट्टा लाव!"

मी डोळे पुसायला पदर उचलला, तेवढ्यात कुंदा.

"काकी, तुमच्या इस्टेटीत बादल्या कमी पडत असतील तर आमची एक देऊ?"

अंगण फुटलं हसून. त्यात विलासचा आवाज सगळ्यात मोठा. "आये, हा शब्द तुला कुठल्या मास्तरानं शिकवला गो?"

काय सांगणार? मास्तरीण मीच, विद्यार्थिनी मीच. त्या दिवशी दोघी एकदम नापास झालो. छडी तेवढी कुंदानं नेली, ती काही अजून परत देत नाही.