नाव गाळलेली बाई

नाव खोडलं की माणूस लपतो, असं इथल्या कानडी मुलखात आमच्या विद्यापीठातल्या संशोधक पोरांना खुशाल वाटतं. मी तिथल्या ग्रंथालयात आहे. पुस्तकांची देवघेव कधीच दुसऱ्यांकडे गेली. माझ्याकडे येतो तो संशोधनाचा डेटा. तपासायचा, नीट लावायचा, जपायचा आणि दाखवण्याजोगा असेल तरच जगाला खुला करायचा. घरच्यांना अजून वाटतं, मी पुस्तकांवरची धूळ झटकते. वाटू दे बापडं.

एकदा पुण्याकडची एक पीएचडीची मुलगी आली. गारमेंट कारखान्यांतल्या बायकांच्या मुलाखती तिनं घेतल्या होत्या. फाइल आजच खुली केली नाही तर संशोधनपत्रिकेकडून पेपर परत येईल, म्हणत होती. नावं सगळी काढलीत, हे तर दहादा सांगून झालं. मी म्हटलं, सरी, बरं, स्वल्प थांब जरा, बघू तरी.

एका ओळीवर मी अडकले. होसकोटेचा कारखाना, घरी मराठी, डावा पाय अधू, नवरा रिक्षा चालवतो. अगं बाई, ही तर माझ्या आत्याची सून! पुढच्याच रकान्यात होतं की सुपरवायझरच्या शिवीगाळीविरुद्ध कामगार कार्यालयात निनावी तक्रार हिनंच केली. कळलं तर नोकरी जाईल. मी ओळखलं, तर तो सुपरवायझर काय आंधळा आहे?

मुलीला यातलं अक्षरही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, हे असं जाणार नाही. ती रडकुंडीला आली. मग दुपारभर दोघी बसलो. गावाऐवजी जिल्हा, वयाऐवजी वयोगट. भाषा गाळली, पाय गाळला, रिक्षा गाळली. मुलाखतींचा मजकूर कुलपात, मागणाऱ्याची चौकशी करूनच द्यायचा. मुलगी वैतागली. "मॅम, मग उरलं काय?"

"बाईची नोकरी," मी म्हटलं. जरा चिडूनच.

पुढच्या रविवारी आत्याकडे पूजा होती. सून जेवायला वाढत होती. आत्या सांगत होती, हिच्या कारखान्यात तक्रार करणारीला शोधताहेत. असल्या बायांना घरीच बसवायला हवं, आमची सून बरी, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. सून भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे सरकली. आत्याला चांगलं सुनवावं असं फार वाटलं, आणि सुनेचा तर अभिमानच वाटत होता. पण तिनं ते मला सांगितलेलं नव्हतं.

जेवण झाल्यावर ताट ठेवायला आत गेले. ती पाठमोरी भांडी विसळत होती. न वळताच म्हणाली, "अक्का, त्या बाईनं केलं ते बरोबर होतं का हो?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "भेटली तर सांग तिला, माझ्याकडून."

"सांगते," ती म्हणाली, आणि ओल्या हातानंच डोळे पुसले.