फोटोत मान वर होती

"चंद काणबेकेनु?"

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं मला कन्नडमध्ये विचारलं. छान दिसायचंय का तुला. मग मागच्या रांगेलाही कळावं म्हणून मराठीत म्हणाला, "पापणी उचलून पायजे म्हणत्यात. ब्यूटीला कार्ड चालत न्हाय."

रांगेतले दोघंतिघं हसले. माझी थोरली बहीण, आक्का, शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी तोंडावर पदर ओढला. का ओढला? चोरी केली नव्हती. पण कार्डासाठी डोळ्याचा फोटो काढला त्या दिवशी मी पावडर लावून आले होते. तेवढ्यावरून मला वाटलं, हा बोलतोय ते खरंच आहे.

माझ्या उजव्या डोळ्याची पापणी पडलेली आहे. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, साड्या विणणारे. मी मालकाच्या कारखान्यात दोन माग सांभाळते, एक डाव्या हाताला, एक उजव्या. एक दिवस उजव्या मागाचा धोटा उडाला. सूत घेऊन इकडून तिकडं धावणारं टोकदार लाकूड ते. पापणी फाटली. टाके घातले, जखम भरली, डोळा वाचला. पापणी मात्र परत वर गेली नाही. बुबुळावर उतरून बसते. म्हणून मी हनुवटी वर करून बघते. खालच्या फटीतून मिळेल तेवढं.

लोकांना हनुवटी दिसते. पापणी दिसत नाही. मालकीणबाईंकडं हळदीकुंकवाला गेले, तर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिची मान बघा की. मजुरी करत्या का उपकार?" मी वाण घेऊन मान खाली घातली. उजवीकडची पायरी दिसली नाही. अडखळले. त्यावरही हसल्या.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येतं. सरकारी कार्ड चाललं तर काही भरायचं नाही. नाही चाललं तर रोख चाळीस हजार, औषधं वेगळी. माझा दीर उद्यमबागेत फौंड्रीत आहे. त्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापतात, आजारपणात कामाला येतात. आम्हा मागावरच्या बायकांना विमा कोण देणार? म्हणजे कार्ड हाच माझा विमा. त्यासाठी डोळ्याचा फोटो वर पाठवायचा आणि मंजुरी यायची वाट बघायची.

माझा एकटीचा फोटो तोवर कुणी काढला नव्हता. आक्कानं वेणी घालून दिली. मी पावडर लावली. खुर्चीत बसले आणि हनुवटी चांगली वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं. फोटो नीट यावा म्हणून.

फोटो नीट आला. डोळा उघडा आला. वरून उत्तर आलं, हे दिसण्यासाठीचं ऑपरेशन, मंजूर नाही.

तेच सांगायला त्या दिवशी खिडकीतल्या माणसानं मला बोलावलं होतं. तिथून मागं फिरले तेव्हा बाकावर कॅम्पातल्या, बंगल्यांच्या वस्तीतल्या, एक बाई बसल्या होत्या. वयानं त्यांच्या पापण्यांवरची कातडी सैल झाली होती. नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता. त्यांचं मंजूर झालं होतं, त्यांना थोडेच पैसे भरायचे होते. बाई वाईट नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "फोटो काढताना मान सरळ ठेवायची असते. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तुम्हाला नाही सांगितलं?"

मला ते कळलंच नाही. वाटलं, ह्याही मला माझी जागा दाखवतायत. मी नुसती हसले. खिडकीतला माणूस त्यांना मॅडम म्हणाला आणि पाणी हवं का विचारलं.

घरी आले ती ठरवूनच. आता मान वर करायची नाही. गल्लीत, नळावर, कारखान्यात, सगळीकडं मान सरळ धरून वागायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, आता शहाणी झालीस. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

मग एका सकाळी उजव्या मागावरचे धागे तुटले. माग चालतच राहिला. आक्का पलीकडच्या मागावरून धावत आली आणि तिनं तो बंद केला. साडीच्या पदरात हाताएवढं भोक पडलं होतं. मी तिथंच उभी होते.

"आंधळी हाईस व्हय गं?" आक्का ओरडली.

"व्हय," मी म्हटलं.

मान सरळ होती. उजवीकडं अंधार होता. कॅम्पातल्या बाई काय सांगत होत्या ते तेव्हा समजलं. मान सरळ असली तरच पापणी डोळा झाकते ते फोटोत दिसतं. मान कशी धरायची हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. माझ्या नशिबी हसणं आलं.

मला लाज वाटली. पण ही लाज वेगळी होती. त्या माणसाचं मी खरं मानलं होतं, याची. छान दिसावं असंही मला वाटत होतं, तेही खोटं नाही. म्हणून मला कमी आंधळी धरायचं?

सुट्टीच्या दिवशी एकटीच गेले. पदर खांद्यावर होता.

"परत आलीस?" खिडकीतला म्हणाला.

"आलो. त्या दिवशी फोटोत माझी मान वर हुती. आज सरळ धरतो. दुसरा काढा."

"एकदा न्हाय म्हटलं की न्हाय. चाळीस हजार आण, लगेच करून देत्यात."

"न्हाय आणणार. फोटो काढा."

"सायबांना इचारायला लागंल."

"इचारा. मी बसतो."

बाकावर बसले. दिवसभर कुणी बोलावलं नाही. पुढच्या सुट्टीला गेले, तेव्हाही नाही. मागं कुणीतरी म्हणालं, बाईला माज आलाय. पदराला हात गेला. सवय आहे ती, इतक्यात जायची नाही. हात मी खाली घेतला.

येत्या सुट्टीला परत जाणार आहे. पावडर लावून जाणार आहे. कॅमेऱ्यापुढं मान सरळ धरीन, पापणी उतरू देईन, किती अंधार आहे तो बघू दे त्यांना. त्या खिडकीपुढं मात्र मान वरच राहील. तो माणूस मला नीट दिसायला पाहिजे.